पिकअपची बॅटरी आणि तिचें जमाखर्चाचें पान

आपल्या भागांत बैलगाडीची जागा डिझेलवर चालणाऱ्या पिकअपनें घेतली, याला आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. पूर्वीं ज्याच्या गोठ्यांत बैलांची चांगली जोडी, तो शेतकरी भरभक्कम समजला जाई. आज ज्याच्या अंगणांत स्वतःची पिकअप उभी, त्याचा माल वेळेवर बाजारांत जातो. परंतु बैलांची निगा व गाडीची निगा यांत मोठें अंतर पडलें आहे. बैल लंगडूं लागला तर आपण रात्रीं कंदील घेऊन त्याचा खूर पाहत असूं. गाडीची बॅटरी मात्र ती मरेपर्यंत आपण पाहत नाहीं. मग एके पहाटे ती दगा देते, आणि आपण तिला, ती विकणाऱ्या दुकानदाराला व आपल्या नशिबाला असा तिघांना दोष देऊन मोकळे होतों. या लेखांत मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हा दगा पुष्कळ वेळां बॅटरीचा नसून आपल्या हिशेबाचा असतो.

मी यंत्रविद्या शिकलेला मनुष्य नव्हे. महसूल खात्यांत अव्वल कारकून म्हणून काम करून मी गेल्या वर्षीं निवृत्त झालों. सर्व उमर गांवनमुने, पीकपाहणीचे तक्ते व थकबाकीच्या याद्या यांत गेली. त्या याद्या लिहितां लिहितां एक गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसली. खातेदार एका मोठ्या खर्चानें बुडाला, असें मला क्वचितच दिसलें. मोठा खर्च डोळ्यांसमोर असतो, म्हणून मनुष्य त्याची तरतूद करितो. रोजची बारीक गळती दिसत नाहीं, आणि तीच घर पोखरते. हाच नियम गाडीच्या बॅटरीला लागूं पडतो, हें मला फार उशिरा व नुकसान सोसून कळलें. तें नुकसान इतरांचें होऊं नये म्हणून ही हकीकत सांगतों.

आमचें गांव निफाड तालुक्यांत आहे. निफाडची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पौष महिन्यांत पारा दहा अंशांच्या खालीं उतरणें येथें नवलाचें नाहीं, आणि द्राक्षबागाईतदार त्या दिवसांत रात्रीं बागांतून शेकोट्या पेटवितात. अशाच एका पहाटे माझ्या पुतण्याची पिकअप मेथी व कोथिंबिरीच्या जुड्यांनीं भरून अंगणांत उभी होती. त्यापूर्वीं अठरा दिवस ती जागची हलली नव्हती. पुतण्यानें किल्ली फिरविली. इंजिन दोनदां कण्हलें, दिवे मंद झाले आणि मग नुसता टकटक आवाज येऊं लागला. चार माणसांनीं धक्के दिले, परंतु इंजिन धरीना. अखेर शेजाऱ्यास उठवून त्याचा ट्रॅक्टर आणविला व त्याच्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू केली. तोंपर्यंत उजाडलें होतें. बाजारांत पोंचलों तों लिलाव आटोपले होते, आणि पालेभाजी कांहीं घरीं परत आणून ठेवण्याचा माल नव्हे. पडेल त्या भावानें ती द्यावी लागली. त्या एका दिवसाचें नुकसान नव्या बॅटरीच्या निम्म्या किमतीइतकें झालें. पैशाहून अधिक लागलें तें असें कीं, ज्या व्यापाऱ्यानें आमच्या मालाची वाट पाहिली होती, त्यानें पुढें दोन महिने आम्हांस विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका कारागिराकडे नेली. त्यानें बॅटरीला कोणतेंहि माप लाविलें नाहीं, वरून पाहिलें आणि म्हणाला, “काका, बॅटरी गेली. नवी टाका.” आम्हींहि कांहीं विचारलें नाहीं. जुनी बॅटरी वीस महिन्यांची होती. ती बदल्यांत देऊन नवी बसविली व निश्चिंत झालों. पुढें आषाढांत पावसानें झोड उठविली, गाडी सोळा दिवस उभी राहिली, आणि पुन्हां तोच टकटक आवाज! सहा महिन्यांची बॅटरी म्हातारी कशी होईल? तेव्हां कोठें माझ्यांतला कारकून जागा झाला. गांवांतल्या वायरमनकडून मल्टिमीटर मागवून आणला आणि त्याच्याच मदतीनें गाडी बंद असतांना बॅटरींतून किती वीज जाते, तें मोजविलें. ९० मिलिअँपिअर वीज सतत वाहत होती. गाण्याच्या यंत्राचा ॲम्प्लिफायर हौसेनें बसविलेला होता, त्याची तार किल्लीच्या मार्गानें न नेतां सरळ बॅटरीला जोडलेली होती. ती तार सोडवितांच आंकडा २० वर आला. शिवाय ऋण बाजूचें टर्मिनल हातानें हलत होतें आणि अल्टरनेटरचा पट्टा ढिला होता.

आतां हिशेब पाहा. ९० मिलिअँपिअर म्हणजे दिवसास सुमारें २.१६ अँपिअर-तास. अठरा दिवसांत ते सुमारें ३९ झाले. आमची बॅटरी ७० अँपिअर-तासांची. म्हणजे निम्म्याहून अधिक भांडवल कोणीहि किल्लीला हात न लावतां निघून गेलें होतें. वर पौषाची थंडी. पहिली बॅटरी खरोखर मेलेली होती कीं नुसती उपाशी होती, हें आतां कोणीच सांगूं शकत नाहीं; कारण ती तपासल्यावांचूनच आम्हीं देऊन टाकली. त्या कारागिराला मी सर्वस्वीं दोष देत नाहीं. त्यानें मोजलें नाहीं ही त्याची चूक. मोजावयास सांगितलें नाहीं ही आमची.

पुढील गोष्टी नीट समजाव्या म्हणून बॅटरीचें काम कसें चालतें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. शिशाच्या पत्र्यांची व गंधकाच्या तेजाबाची ही युक्ति गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं काढली, आणि आजहि आपल्या गाडीतली बॅटरी मूळ त्याच जातीची आहे. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा पूर्ण भरला असतां सुमारें २.१ व्होल्ट देतो. वीज खर्च होऊं लागली म्हणजे तेजाबांतला गंधकाचा अंश पत्र्यांवर जाऊन बसतो व मागें राहणारें द्रव पाण्याच्या जवळ येतें. उलट वीज भरली म्हणजे तो अंश पुन्हां द्रवांत उतरतो. परंतु बॅटरी रिकामी किंवा अर्धवट भरलेली तशीच बरेच दिवस ठेवली, तर पत्र्यांवरचा हा थर कठीण होतो आणि मग भरणा केला तरी पूर्णपणें सुटत नाहीं. निचरा न झालेली काळी जमीन जशी वर्षा-दोन वर्षांत चोपण होते आणि मग कितीहि खत घातलें तरी पूर्ववत् पिकत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून बॅटरीला उपाशी ठेवणें हा तिच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय होय.

डिझेलच्या गाडीत ही गोष्ट अधिक जाचते. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाएवढी दाबून इतकी तापवावयाची कीं, आंत सोडलेलें डिझेल आपोआप पेटावें. हा दाब गाडी सुरू करतांना स्टार्टरनें उत्पन्न करावयाचा आणि स्टार्टरला बळ बॅटरीचें. थंडीत तेल घट्ट होतें, इंजिन जड फिरतें आणि त्याच वेळीं बॅटरीचें बळहि कमी होतें. शिवाय आजच्या कॉमन रेल जातीच्या इंजिनांत डिझेल केव्हां व किती सोडावें, हें विजेवर चालणारी ईसीएमची पेटी ठरविते. त्या पेटीला पुरेशी वीज नसेल तर चार सोडून चौदा माणसांनीं धक्का दिला तरी इंजिन धरणार नाहीं. जुन्या गाड्या उतारावर सोडून सुरू होत, ती संवय आतां उपयोगाची राहिली नाहीं.

आतां खातें मांडूं. नांवें बाजूस आपणांस वाटतें कीं मोठा खर्च स्टार्टरचा. तो एका वेळीं तीनशें अँपिअर ओढूं शकतो, हें ऐकून मलाहि धडकी भरली होती. परंतु तीनशें अँपिअर चार सेकंद म्हणजे अवघा एक तृतीयांश अँपिअर-तास. अल्टरनेटर बॅटरीला दहा अँपिअर देत असेल तर दोन मिनिटांत तो फिटतो. तेव्हां निरोगी गाडीची एक सुरुवात हा खर्च नांवाचाच आहे. उलट हेडलाइटचे दोन दिवे मिळून सुमारें दहा अँपिअर घेतात. रात्रीं माल भरतांना ते लावले व तसेच सहा तास राहिले, तर साठ अँपिअर-तास गेलेच. ॲम्प्लिफायर, गाडीचा ठावठिकाणा दाखविणारें यंत्र, हौदांत लावलेला जादा दिवा, मोबाईल भरण्याची खुंटी, हे सर्व लहान लहान कुळकायदे. प्रत्येक जण थोडें घेतो, पण रात्रंदिवस घेतो. याखेरीज कांहींहि जोडलेलें नसतांना बॅटरी आपल्या अंगची वीज हळूहळू गमावीत असते, आणि उन्हाळ्यांत ही घट थंडीपेक्षां पुष्कळ वेगानें होते.

जमेच्या बाजूस एकच कमावता पुरुष, तो अल्टरनेटर. इंजिन चालूं असतां बॅटरीच्या टोंकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर तो काम करितो आहे असें समजावें. फारच कमी दिसले तर पट्टा, तारा व अल्टरनेटर पाहावा. पंधरा व्होल्टच्या वर जाऊं लागले तर भरणा अतिरेकी होत असून पाणी उडून जात आहे, हें ओळखावें. आणखी एक भ्रम सोडला पाहिजे. पार उतरलेली बॅटरी शेतापासून गांवापर्यंत चार खेपा केल्यानें भरत नाहीं. तिचा शेवटचा हिस्सा फार सावकाश भरतो, त्याला कित्येक तास लागतात. अशा वेळीं बाहेरच्या चार्जरवर सावकाश भरणा करणें हाच मार्ग. बॅटरीच्या अँपिअर-तासांचा दहावा हिस्सा, म्हणजे ७० च्या बॅटरीस सुमारें ७ अँपिअर, हें प्रमाण सोईचें आहे.

हें खातें तपासावयास वर्षांतून एकदां दसऱ्याची पूजा पुरी पडत नाहीं. आपल्याकडे अमावास्येस औत धरीत नाहींत, आणि पुष्कळ जण त्या दिवशीं गाडीला लिंबू-मिरची बांधतात. माझें म्हणणें असें कीं, बांधावयाची असेल ती बांधा. परंतु त्याच वेळीं बॉनेट उघडून अर्धा तास बॅटरीस द्या. त्या अर्ध्या तासांत करावयाच्या गोष्टी अशा :

पहिली गोष्ट, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं कांहींहि सुरू न करतां मल्टिमीटरनें व्होल्ट पाहावे. १२.६ किंवा अधिक असतील तर भांडवल पुरतें आहे. १२.४ म्हणजे सुमारें बारा आणे शिल्लक, १२.२ म्हणजे निम्में, आणि १२ वर आलें म्हणजे चार आणेच राहिले. निम्म्यावर येतांच भरणा करावा. टकटक होण्याची वाट पाहूं नये. त्यानंतर एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें आंकड्याकडे पाहावें. इंजिन फिरतांना आंकडा साडेनवाच्या खालीं कोसळत असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर मात्र बॅटरी थकली असें म्हणावयास आधार आहे.

दुसरी गोष्ट, टर्मिनलें. त्यांवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड धरते. ती विजेची वाट अडविते. सोडवितांना ऋण बाजू प्रथम सोडवावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. याचें कारण असें कीं, गाडीचें सर्व अंग ऋण बाजूला जोडलेलें असतें. धन बाजू प्रथम सोडवितांना पाना अंगास लागला तर मोठी ठिणगी पडते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यांत कालवून जुन्या ब्रशानें पूड धुवावी. तें पाणी कप्प्यांत मात्र थेंबभरहि जाऊं देऊं नये, कारण सोडा तेजाब मारतो. मग कोरडें करून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. गाडीच्या अंगास व इंजिनास जोडलेल्या जाड ताराहि हलवून पाहाव्या.

तिसरी गोष्ट, पाणी. ज्या बॅटरीचीं बुचें उघडतात तींत पत्रे सदैव द्रवाखालीं बुडालेले असले पाहिजेत. कमी असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावें. विहिरीचें पाणी आपणांस कितीहि गोड लागो, त्यांत चुना, लोह व क्षार असतात, ते पत्र्यांस बाधतात. तेजाब तर कधींच घालूं नये. उडून जातें तें पाणी, तेजाब नव्हे. वरून तेजाब ओतल्यानें कांटा क्षणभर चांगला दिसतो आणि पत्रे लवकर झिजतात. पत्रे उघडे पडले नसतील तर पाणी भरणा झाल्यावर घालावें, नाहींतर भरणा होतांना द्रव फुगून बाहेर येतें. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक कप्पा निरनिराळा पाहावा. पांच कप्पे सारखे व एकच फार उतरलेला दिसला, तर त्या कप्प्यांत बिघाड आहे.

चौथी गोष्ट, पट्टी व पट्टा. बॅटरी जागच्या जागीं आवळून धरणारी लोखंडी पट्टी ढिली असली, तर आपल्या शिवाररस्त्यांचे हादरे खाऊन पत्र्यांवरचा लेप झडतो आणि तळाशीं साचतो. अल्टरनेटरचा पट्टा ढिला असला कीं तो किंचाळतो. तो आवाज कर्जदाराच्या हांकेसारखा समजावा.

या कामांत सावधगिरी हवी. भरणा होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शेंकडा चार इतका झाला तरी ठिणगीनें स्फोट होतो. म्हणून जवळ विडी ओढूं नये, आंत पाहण्यासाठीं काडी पेटवूं नये, आणि वीज आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पान्यानें ठिणगी पाडण्याचा जो खेळ कांहीं पोरें करितात, तो बंद करावा. डोळ्यांवर चष्मा असावा. तेजाब अंगावर किंवा डोळ्यांत उडालें तर भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवावें, आणि डोळ्यांचें असेल तर तडक डॉक्टर गांठावा. हौद्याला वेल्डिंग करावयाचें असेल तर आधीं बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. इंजिन चालूं असतां बॅटरीची तार कधींच काढूं नये. अल्टरनेटर व ईसीएमची पेटी दोन्ही जळण्याचा संभव असतो. दुसऱ्या गाडीची वीज घ्यावयाची झाल्यास ती गाडी बारा व्होल्टचीच आहे, याची खात्री करावी. मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात, ते आपल्या पिकअपला घातक होत. धनास धन जोडावें, आणि ऋण तारेचें शेवटचें टोंक बॅटरीस न लावतां इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावें.

हंगाम संपून गाडी दोन-तीन आठवडे उभी राहावयाची असेल, तर प्रथम बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. या एका मिनिटाच्या कामानें आमच्या दोन्ही पहाटा वांचल्या असत्या. महिन्यावर राहिली तर मध्यें एकदां भरणा करावा. पांच मिनिटें इंजिन चालवून बंद करण्यानें मनाचें समाधान होतें, बॅटरीचें होत नाहीं. उन्हाळ्यांत गाडी सावलींत लावावी. थंडीत बॅटरी अडते म्हणून आपण थंडीला बोल लावतों, पण तिचें आयुष्य खातो तो उन्हाळा, आणि हें विदर्भ-मराठवाड्यांतील बंधूंनीं विशेष ध्यानांत घ्यावें. बॅटरी काढून सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते, ही समजूत लांकडी व रबरी पेट्यांच्या काळांतली आहे. आजच्या प्लास्टिकच्या पेटीस तें भय नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आमची बॅटरी नव्या जातीची, देखभाल न लागणारी आहे. मग ही उठाठेव कशाला? त्यांस माझें उत्तर असें कीं, तिला पाणी लागत नाहीं एवढाच त्याचा अर्थ. टर्मिनल तिचेंहि गंजतें, पट्टी तिचीहि ढिली होते, आणि गळती तिलाहि लागते. तिच्यावर जो हिरवा डोळा असतो तो सहांपैकीं एकाच कप्प्याची साक्ष देतो. एका साक्षीदारावर फेरफार मंजूर करूं नये, हें कारकुनास कोणी शिकवावयास नको. दुसरा कोणी म्हणेल, हें काम ड्रायव्हरचें किंवा कारागिराचें आहे. असेलहि. परंतु माल आपला, बाजार आपला आणि नुकसान आपलें. कारागीर बॅटरी मेल्यावर भेटतो. ती आजारी कधीं पडली हें फक्त रोज वापरणाऱ्यासच कळूं शकतें. तिसरा म्हणेल, वेळ कोठें आहे? त्या पहाटे अंगणांत आम्हीं पांच माणसांनीं मिळून जो वेळ घालविला, तेवढ्यांत वर्षभराची तपासणी झाली असती.

म्हणून माझी पहिली सूचना प्रत्येक गाडीवाल्यास आहे. शंभर पानी वहीचें एक पान बॅटरीस द्यावें. वर खरेदीची तारीख, तिच्यावर कोरलेला क्रमांक व अँपिअर-तास लिहून हमीचा कागद त्याच पानास टांचावा. खालीं दर महिन्यास चार रकाने : तारीख, सकाळचे व्होल्ट, इंजिन चालूं असतांचे व्होल्ट, शेरा. शेऱ्यांत पाणी घातलें, पट्टा आवळला, गाडी किती दिवस उभी होती, हें लिहावें. सहा महिन्यांनीं ते आंकडे स्वतःच बोलूं लागतात. आंकडा सावकाश उतरत असेल तर म्हातारपण. एकाएकीं उतरला तर गळती किंवा सैल तार. हें पान हातांत असल्यावर “बॅटरी गेली” असें कोणी म्हटलें, तर आपण “कशावरून?” असें विचारूं शकतों. हमीच्या मुदतींत ती खरोखरच बिघडली असेल, तर दुकानदारापुढें ठेवावयास तोंडच्या शब्दापेक्षां तें पान अधिक उपयोगी पडतें.

दुसरी सूचना आपल्या संस्थेस आहे. एक चांगला मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, एक चार्जर व जाड तारांची एक जोडी, एवढें सामान संस्थेनें आपल्या कचेरींत ठेवावें, आणि एखाद्या होतकरू तरुणास त्याचा वापर शिकवून सभासदांस तें अल्प भाड्यानें द्यावें. प्रत्येकानें निराळें विकत घेण्याचें कारण नाहीं. फवारणीचे पंप व मळणीयंत्र सामाईक ठेवण्याची रीत आपणांस नवी नाहीं. त्याच रीतीनें हें व्हावें.

शेवटचा विषय मेलेल्या बॅटरीचा. तींत शिसें असतें व तें जवळ जवळ सर्व पुन्हां वितळवून वापरतां येतें. परंतु उघड्यावर पेटी फोडून, तेजाब नालींत ओतून, चुलीवर शिसें वितळविणारे लोक आढळतात. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करितें, आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक, असें सांगतां येत नाहीं. तेजाब जेथें मुरेल तेथली माती व पाणी दोन्ही बिघडतील. यासंबंधीं पूर्वीं २००१ चे नियम होते. त्यांच्या जागीं २०२२ सालीं केंद्र सरकारनें बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम केले, आणि त्यांत बॅटरी बनविणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. आपलें कर्तव्य एवढेंच कीं, चार रुपये अधिक देतो म्हणून भंगारवाल्यास न विकतां ती अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्यावी. जी जमीन आपण मुलांच्या नांवें लावून जाणार, तीत शिसें मुरवून ठेवूं नये.

आमच्या पुतण्याच्या वहींत आतां चौदा महिन्यांच्या नोंदी झाल्या आहेत. गेल्या पौषांत गाडी वीस दिवस उभी होती; ऋण बाजूची तार सोडलेली होती. ती जोडून किल्ली फिरविली आणि इंजिन पहिल्याच वेळीं लागलें. पुतण्या हंसून म्हणाला, “काका, ही तुमची पीकपाहणी बरी लागू पडली.” मी त्यास म्हटलें, बॅटरी तीच आहे, फक्त आतां तिच्या खात्यावर नजर आहे. सभासद बंधूंनीं येत्या अमावास्येस पहिली नोंद करावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितों.